दार उशिरा उघडलं. माणूस लवकर जन्मला नव्हता

"खेळाला जात नसते. मैदानावर फक्त गुणवत्ता बोलते."

आरक्षणाचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या मिनिटाला हे वाक्य येतंच. त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: "मग क्रिकेटच्या संघातही आरक्षण देणार का?" विचारणाऱ्याला वाटतं, आपण बिनतोड मुद्दा मांडला. समोरचा गप्प बसला की तो विजयी हसतो.

मित्रहो, आपण गप्प बसायचं काहीच कारण नाही. ज्या अमेरिकेकडे बोट दाखवून ही मंडळी गुणवत्तेचे गोडवे गातात, त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळाचा, बेसबॉलचा इतिहास त्यांच्यासमोर ठेवायचा. तिथल्या सर्वोच्च पातळीवर साठेक वर्षं शंभर टक्के आरक्षण होतं. गोऱ्यांसाठी. आणि त्या साठ वर्षांत आपल्याला मिळालेलं यश केवळ गुणवत्तेचं आहे, याबद्दल तिथल्या एकाही गोऱ्या खेळाडूच्या मनात शंका नव्हती.

या इतिहासातल्या एका माणसाची गोष्ट आज सांगायची आहे. जेम्स थॉमस बेल. जग त्यांना 'कूल पापा' बेल म्हणून ओळखतं. जे ओळखतात ते.

सफाई कामगार बेल

बेल यांचा जन्म १७ मे १९०३ रोजी मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल इथला. मिसिसिपी म्हणजे कापूस, कूळशेती आणि काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारणाऱ्या जमावांचा मुलूख. १९२० च्या सुमारास हा मुलगा भावांच्या मागे सेंट लुईस शहरात आला. दिवसा मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात काम आणि उरलेल्या वेळात बेसबॉल. १९२२ मध्ये 'सेंट लुईस स्टार्स' या काळ्यांच्या संघाने त्यांना चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर म्हणून घेतलं. मोठ्या गर्दीसमोरही पोरगा घाबरत नाही म्हणून सोबत्यांनी 'कूल' म्हटलं, पुढे 'पापा' जोडलं गेलं.

काही काळाने त्यांना सेंटर फील्डला हलवण्यात आलं. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हा लांबचा क्षेत्ररक्षक. मैदानाच्या सगळ्यात मोठ्या पट्ट्याची राखण त्याच्याकडे. तिथे पाय लागतात. आणि बेल यांच्याइतके वेगवान पाय त्या काळात बेसबॉलमध्ये कुणाचेच नव्हते, असं त्यांच्यासोबत आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेले लोक सांगत राहिले. स्टार्सने १९२८, १९३० आणि १९३१ मध्ये नीग्रो नॅशनल लीगचं विजेतेपद जिंकलं. पुढे बेल पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून खेळले, होमस्टेड ग्रेजकडून खेळले. चाळिशी ओलांडल्यावरही संघाला त्यांची गरज होती.

आणि खेळ संपल्यावर? सेंट लुईसच्या सिटी हॉलमध्ये, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, आधी सफाई कामगार आणि मग रात्रपाळीचा पहारेकरी. सुमारे वीस वर्षं. ज्या शहराला तीन विजेतेपदं मिळवून दिली, त्या शहराच्या कचेरीतली फरशी पुसणं हे त्यांचं निवृत्तिवेतन. सफाईचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही. काम हलकं नसतं. ते ज्याच्या माथी मारलं जातं त्याला हलकं ठरवणारी व्यवस्था हलकी असते.

नियम कुठेच लिहिलेला नव्हता

काळ्या खेळाडूंना बंदी करणारा नियम मेजर लीगच्या कोणत्या कलमात होता? कोणत्याच नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा.

१८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून सर्वोच्च पातळीवर खेळला होता. म्हणजे दार आधी थोडं किलकिलं होतं. १४ जुलै १८८७ रोजी शिकागोचा गोरा तारांकित खेळाडू कॅप अ‍ॅन्सन अडून बसला की नेवार्कच्या संघातून जॉर्ज स्टोव्ही हा काळा पिचर खेळणार असेल तर आपण मैदानात उतरणार नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या चालकांनी काळ्या खेळाडूंशी यापुढे नवे करार करायचे नाहीत असं ठरवलं. हळूहळू सगळीकडे तेच झालं. त्याला नाव काय दिलं? 'सभ्य गृहस्थांचा करार'. सभ्य गृहस्थ!

१९२० पासून बेसबॉलचा सर्वाधिकारी आयुक्त होता केनेसॉ माउंटन लँडिस. हा मूळचा न्यायाधीश. १९४२ मध्ये प्रश्न टोकाला आला तेव्हा त्याने जाहीर केलं की काळ्यांना घेऊ नये असा कोणताही नियम नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. आणि १९४४ मध्ये तो मरेपर्यंत एकही काळा खेळाडू आत आला नाही.

ही भाषा ओळखीची वाटते ना? "आमच्याकडे जात कुणी विचारत नाही." "आमच्या सोसायटीत असा नियम नाही." "आमच्या कंपनीत सगळ्यांना समान संधी." लिहिलेला नियम न्यायालयात नेता येतो, जाळता येतो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, कारण ती निदान छापलेली होती. न लिहिलेला नियम जाळायचा कसा? तो डोक्यात असतो, आडनाव ऐकल्यावर बदलणाऱ्या चेहऱ्यात असतो. म्हणून "नियम दाखवा" असं कुणी म्हटलं की त्याला निकाल दाखवायचा. साठ वर्षं सगळे गोरे, हा निकाल. नियम आपोआप दिसतो.

दंतकथा म्हणजे नोंद नव्हे

बेल यांच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट त्यांचे सोबती सॅचेल पेज यांची. पेज म्हणायचे, बेल इतके वेगवान की दिव्याचं बटण दाबून, खोलीत अंधार व्हायच्या आत ते अंथरुणात असायचे! लोक हसतात, टाळ्या देतात. खरी गंमत अशी की त्या हॉटेलातलं बटण बिघडलेलं होतं. दिवा थोड्या वेळाने विझायचा. बेल यांनी ते आधी हेरलं आणि पेज यांच्याशी पैज जिंकली.

गोष्ट गोड आहे. पण अशा गोष्टींवर समाधान मानायला माझा विरोध आहे. गोऱ्या खेळाडूंना आकडे मिळाले आणि काळ्या खेळाडूंना किस्से. टाय कॉबचा प्रत्येक फटका वहीत आहे. बेल यांनी स्वतः सांगितलं होतं की एका सामन्यात त्यांनी पाच हिट मारल्या, पाच बेस चोरले, आणि त्यातलं काहीच कुठे नोंदलं गेलं नाही, कारण त्या दिवशी धावसंख्येची वहीच कुणी आणली नव्हती.

वही का नव्हती? काळ्यांचे संघ वर्षातले थोडेच सामने लीगमध्ये खेळायचे. बाकीचे दिवस गावोगाव फिरून मिळेल त्या संघाशी सामने, कधी एका दिवसात दोन-तीन. गोरी वर्तमानपत्रं तिकडे ढुंकूनही पाहत नसत. जे काही टिकलं ते 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर' अशा काळ्यांच्या वर्तमानपत्रांमुळे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' का काढला याचं उत्तर इथेही मिळतं. आपलं वर्तमानपत्र नसेल तर आपण घडलोच नाही असं ठरतं.

आणि मग तीच व्यवस्था विचारते, "तुमच्या गुणवत्तेचा पुरावा काय?" आधी वही हिसकावायची, मग हिशेब मागायचा. गुणवत्ता मोजायची पट्टी ज्याच्या हातात, त्याच्या घरातलीच मुलं उंच निघतात, यात नवल ते काय?

सीमेपलीकडे तोच माणूस

१९३७ मध्ये बेल, पेज, जॉश गिब्सन असे अनेक खेळाडू डॉमिनिकन प्रजासत्ताकात खेळायला गेले. तिथल्या हुकूमशहा त्रुहियोच्या नावाचा संघ होता. नंतर १९३८ ते १९४१ बेल मेक्सिकोत खेळले. १९४० मध्ये त्यांनी मेक्सिकन लीगमध्ये .४३७ च्या सरासरीने फलंदाजी केली; सरासरी, होम रन आणि धावा मिळवून देणं या तिन्ही बाबतींत ते अव्वल ठरले. तिथे वही होती, म्हणून हा आकडा आपल्याकडे आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मेक्सिकोत त्यांना हॉटेलात खोली मिळत होती. उपाहारगृहात बसून जेवता येत होतं. मायदेशी याच खेळाडूंना अनेक गावांत कुणी खोली देत नसे, संघ बसमध्येच झोपायचा, मागच्या दाराने जेवण घ्यावं लागायचं. सीमा ओलांडली की तोच माणूस माणूस होत होता.

इथे बाबासाहेबांची आठवण येणं अपरिहार्य आहे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे. आणि १९१७ मध्ये बडोद्याला उतरताच पहिला प्रश्न उभा राहिला: राहायचं कुठे? पारशी खानावळीत नाव बदलून राहावं लागलं, आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कोलंबियाची पदवी खिशात असून डोक्यावर छप्पर नाही.

पण चित्राची दुसरी बाजूही पाहू. ज्या न्यूयॉर्कने बाबासाहेबांना बरोबरीने वागवलं, त्याच शहरात कोलंबियापासून काही किलोमीटरवर पोलो ग्राउंड्स नावाचं मैदान होतं, आणि तिथल्या जायंट्स संघात काळ्या अमेरिकनाला जागा नव्हती. प्रत्येक समाज आपला अस्पृश्य स्वतः घडवतो आणि बाहेरच्या पाहुण्याशी सभ्यतेने वागतो. बाबासाहेबांना हे दिसत होतं. म्हणून त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली, म्हणून १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी मुंबईत 'दलित पँथर' हे नाव घेतलं ते उगाच नव्हतं.

मेहेरबानी की लढा?

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले. ही गोष्ट नेहमी कशी सांगितली जाते? ब्रँच रिकी नावाचा एक दयाळू गोरा व्यवस्थापक होता, त्याचं मन द्रवलं, त्याने दार उघडलं.

रिकींनी पाऊल उचललं, त्याचं श्रेय त्यांना द्या. पण एक हिशेब मांडा. हेच रिकी १९४२ पर्यंत कुठे होते? सेंट लुईसमध्ये, कार्डिनल्स संघाच्या कारभारात! म्हणजे १९२२ ते १९३१ ही दहा वर्षं कूल पापा बेल त्यांच्याच शहरात धावत होते. गोऱ्या संघांच्या स्पोर्ट्समन्स पार्कमध्ये तर १९४४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांनाही वेगळ्या भागातच बसावं लागायचं. त्या दहा वर्षांत मन का द्रवलं नाही?

कारण मनं आपोआप द्रवत नाहीत. मधल्या काळात वेंडेल स्मिथ, सॅम लेसी यांच्यासारख्या काळ्या पत्रकारांनी वर्षानुवर्षं लिहून रान उठवलं. कम्युनिस्टांच्या 'डेली वर्कर' ने मोहीम चालवली. महायुद्धात काळे सैनिक मरत होते आणि घरी त्यांना खेळायला बंदी होती, हे लपवणं कठीण झालं. आणि मार्च १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वर्णभेद करण्याविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी रॉबिन्सन यांच्याशी करार झाला. आधी चळवळ, मग कायदा, मग मनपरिवर्तन. क्रम उलटा सांगणारा इतिहास हा मालकांचा इतिहास.

बेल यांनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, १९४६ च्या मोसमाच्या शेवटी त्यांनी फलंदाजीचं पहिलं स्थान तरुण मॉन्टी अर्विन यांच्यासाठी सोडलं, मुद्दाम कमी खेळून. मॉन्टीच्या नावावर विजेतेपद असेल तर मेजर लीग त्याला तरी घेईल, हा हेतू. अर्विन १९४९ मध्ये जायंट्सकडून खेळले. समाजासाठी स्वतःचा आकडा सोडणं याला म्हणतात. १९४८ मध्ये, ४५ व्या वर्षी, बेल यांनी बॉब लेमनच्या गोऱ्या तारांकित संघाविरुद्ध एका बंटवर पहिल्या बेसवरून थेट होम प्लेट गाठली. बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच पुढ्यात टाकणं. त्यावर एक बेस मिळाला तरी पुष्कळ. यांनी तीन घेतले. १९५१ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सच्या मालकाने त्यांना खेळण्याची संधी देऊ केली. वय ४८. त्यांनी नाही म्हटलं.

लोक म्हणत, बिचारे लवकर जन्मले. बेल यांचं उत्तर होतं की आपण लवकर जन्मलो नाही, त्यांनी दारं उशिरा उघडली. 'बिचारे' म्हणणाऱ्याला दोष नशिबाला द्यायचा असतो. बेल यांनी तो दारावर उभ्या असलेल्याला दिला.

मैदान उघडलं, कचेरी बंदच

आणखी एक गोष्ट आपल्या चळवळीने शिकण्यासारखी. रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली होती. बहुतेक काळे मालक, काळे व्यवस्थापक, काळे पंच, काळे पत्रकार. १९४७ नंतर गोऱ्या संघांनी यातून काय घेतलं? फक्त तरुण खेळाडू. रॉबिन्सन यांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाला डॉजर्सने एक डॉलरही दिला नाही. मालक, व्यवस्थापक, पंच यांना कुणी विचारलं नाही. त्याच नावाची दुसरी लीगही १९४८ नंतर बंद पडली. मेजर लीगमध्ये पहिला काळा पंच आला १९६६ मध्ये. पहिला काळा व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये. बोस्टन रेड सॉक्सने तर पहिला काळा खेळाडू घ्यायलाच १९५९ उजाडवलं.

आमचे पाय हवेत, आमची डोकी नकोत. याला समावेश म्हणत नाहीत, याला भरती म्हणतात. बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशावर न थांबता सत्तेत वाटा मागितला तो याचसाठी.

आपल्याकडचं उदाहरण? बाळू पालवणकर. चांभार समाजात जन्मलेला, पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारा आणि सरावाला त्यांना गोलंदाजी करणारा डावखुरा फिरकीपटू. हिंदूंच्या संघाला तो जिंकण्यासाठी हवा होता, पण चहा त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाने कर्णधारपद कधीच दिलं नाही. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच पालवणकर काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हेही खरं. त्यावर राजकीय मतभेद जरूर मांडू. पण त्यामुळे मातीचं भांडं काचेचं होत नाही.

उशिराचं प्रमाणपत्र

बेल यांना १९७४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तीन वर्षं आधी सॅचेल पेज यांची निवड झाली तेव्हा काळ्यांसाठी वेगळा विभाग करायचं ठरत होतं! सन्मानातही वेगळा पाणवठा. ओरड झाली म्हणून तो बेत मागे घ्यावा लागला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीगना आता 'मेजर' मानलं जाईल. मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत आले. आणि काय झालं? कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचं .३६७ मागे पडून जॉश गिब्सन यांचं .३७२ पहिल्या स्थानी आलं. वही उघडताच शिखर बदललं. लगेच कुरकुर सुरू झाली: सामने कमी होते, स्पर्धा खरी नव्हती. कमी सामने कुणामुळे होते? आणि बेब रुथने एकाही काळ्या पिचरचा सामना न करता केलेले मेजर लीगचे होम रन, ती स्पर्धा खरी होती?

बेल ७ मार्च १९९१ रोजी गेले. हे प्रमाणपत्र त्यांनी पाहिलं नाही. आणि त्याची गरज त्यांना नव्हतीच. ती मेजर लीगला होती. ज्या रस्त्यावर ते राहत त्याला सेंट लुईसने त्यांचं नाव दिलं. पाटी लावणं सोपं असतं. तिच्यावर एवढंही लिहायला हवं होतं की हा माणूस आमच्याच इमारतीत झाडू मारत होता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "खेळाला जात नसते" म्हणाला की त्याला तीन प्रश्न विचारा. वही कुणाच्या हातात होती? दाराची किल्ली कुणाकडे होती? आणि दार उघडलं तेव्हा कोण किती वर्षांचा झाला होता? या तिन्हींची उत्तरं न देता जो गुणवत्तेवर बोलतो, तो गुणवत्तेचं नाव घेऊन आपल्या घराण्याच्या आरक्षणाची राखण करतो आहे.

आणि आपल्यासाठी एकच काम. आपली वही आपण लिहायची. वस्तीतल्या कबड्डीपटूची, धावणाऱ्या पोरीची, शाहिराची, सफाई कामगाराची. तारखेसह, आकड्यांसह. किस्से सांगायला जग आहेच. नोंद आपल्यालाच करावी लागेल.

जय भीम!